क्लाउड बंद पडल्यावर आयटी अ‍ॅडमिनने या चुका टाळाव्यात

२० ऑक्टोबर २०२५, सोमवार. महाराष्ट्रात नरकचतुर्दशी, बहुतेक टीम सुट्टीवर. आपल्याकडच्या दुपारी सव्वाबाराच्या सुमारास अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या (भाड्याने सर्व्हर देणारी क्लाउड सेवा) उत्तर व्हर्जिनियातल्या यूएस-ईस्ट-१ रीजनमध्ये, म्हणजे डेटा सेंटरच्या समूहात, डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचा पत्ता डीएनएसमधून (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) गायब झाला. डीएनएसच्या नोंदी आपोआप बदलणाऱ्या दोन प्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या आणि मागे रिकामी नोंद उरली. डायनॅमोडीबी तीनच्या सुमारास सावरले. ईसी२ (भाड्याचे सर्व्हर देणारी सेवा) पूर्ववत व्हायला मात्र रात्रीचे सव्वादोन वाजून गेले.

या मधल्या वेळाबद्दल मला बोलायचे आहे. व्हेंडरचा, म्हणजे क्लाउड पुरवणाऱ्या कंपनीचा, बिघाड आपल्या हातात नसतो, पण त्या तासांत आपण काय करतो ते पूर्णपणे आपल्या हातात असते. आणि घाईत केलेले काम निस्तरायला पुष्कळदा मूळ आउटेजहून (सेवा बंद राहण्याहून) जास्त वेळ जातो.

चालता सर्व्हर बंद करू नका

"एकदा रीस्टार्ट करून बघ" हे वाक्य ऑफिसात कुणी ना कुणी म्हणतेच. त्या दिवशी आधीपासून चालू असलेले ईसी२ सर्व्हर व्यवस्थित होते. अडकले ते नवे सर्व्हर. सुरू करायला गेले की एरर येत होती, आणि जे सुरू झाले त्यांना बराच वेळ नेटवर्क मिळत नव्हते. म्हणजे चालता सर्व्हर कन्सोलमधून स्टॉप केला की तो परत स्टार्ट करताना याच रांगेत उभे राहावे लागणार. ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतून रीबूट केले तर सर्व्हर त्याच यंत्रावर राहतो. स्टॉप करून स्टार्ट केले तर त्याला जागा नव्याने शोधावी लागते. हा फरक टीममधल्या सगळ्यात नव्या मुलालाही माहीत हवा.

माणसाने हात आवरला तरी ऑटोमेशन आवरत नाही. त्याच संध्याकाळी सहाच्या सुमारास तिथल्या नेटवर्क लोड बॅलन्सरच्या (सर्व्हरमध्ये ट्रॅफिक वाटणारी यंत्रणा) हेल्थ चेकमध्ये, म्हणजे सर्व्हर ठीक आहेत का ते पाहणाऱ्या तपासणीत, घोळ झाला आणि धडधाकट सर्व्हरही आजारी दिसू लागले. शेवटी अ‍ॅमेझॉननेच तिथले आपोआप होणारे फेलओव्हर (ट्रॅफिक पर्यायी यंत्रणेवर वळवणे) बंद केले. आपणही आउटेज कळताच पहिल्या दहा मिनिटांत हेच करायचे. ऑटोस्केलिंगचे (गरजेप्रमाणे सर्व्हर आपोआप वाढवणारी-घटवणारी सोय) सर्व्हर काढून टाकणे आणि बदलणे थांबवायचे, डिप्लॉयमेंट (नवा कोड सर्व्हरवर टाकणे) गोठवायची, आणि बिल वाचवण्यासाठी रात्री टेस्ट सर्व्हर बंद करणारा जो क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारे काम) आपण कधीतरी लावलेला असतो, तोही बंद करायचा. हा शेवटचा हमखास विसरला जातो.

बिघाड कुणाचा, ते ठरण्याआधी काहीही बदलू नका

१९ जुलै २०२४ ला भारतात सकाळ उजाडली तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडच्या सेंट्रल यूएस रीजनमध्ये बिघाड चालू होता. आणि सकाळी ९.३९ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचे सदोष अपडेट सुटले. त्याने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दोन्ही बातम्या "मायक्रोसॉफ्ट डाउन" या एकाच मथळ्याखाली मिसळल्या, पण दोघांचे उपाय एकदम वेगळे होते. अझूरसाठी वाट पाहायची होती किंवा दुसऱ्या रीजनवर जायचे होते. क्राउडस्ट्राइकसाठी यंत्र सेफ मोडमध्ये नेऊन एक फाइल काढायची होती, तीही बहुतेक ठिकाणी यंत्रासमोर बसून.

स्टेटस पेज (व्हेंडरच्या सेवा चालू आहेत का ते दाखवणारे पान) हिरवे आहे म्हणून बिघाड आपलाच, असे धरू नका. फेब्रुवारी २०१७ मध्ये एस३ ही फाइल साठवण्याची सेवा बंद पडली तेव्हा अ‍ॅमेझॉनचे स्टेटस पेज एस३ वरच अवलंबून होते, त्यामुळे ते सुरुवातीला बदलताच आले नाही. १२ जून २०२५ च्या गूगल क्लाउडच्या आउटेजमध्येही पहिली सूचना यायला जवळजवळ तास गेला. म्हणून स्वतः तपासा. तीच साइट ऑफिसच्या लाइनवरून आणि मोबाइल डेटावरून उघडून पाहा, दोन वेगवेगळ्या डीएनएस सर्व्हरना तोच पत्ता विचारा, आपल्याकडून शेवटचा बदल कधी गेला ते पाहा. शेवटच्या काही तासांत आपण काहीच बदलले नसेल आणि दोन असंबद्ध सेवा एकदम पडल्या असतील, तर आपल्या कोडमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही.

सुटकेची साधने त्याच क्लाउडवर ठेवू नका

माझ्या मते ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेण्यासारखी. आउटेजमध्ये काय करायचे ते लिहिलेली रनबुक ज्या विकीवर आहे तो विकी त्याच क्लाउडवर, लॉगिन त्याच्याच सिंगल साइन-ऑनने (एकाच लॉगिनने सगळ्या सेवांत शिरण्याची सोय), आणि अलर्ट पाठवणारी यंत्रणाही तिथेच. २९ ऑक्टोबर २०२५ ला अझूर फ्रंट डोअर या ट्रॅफिक वळवणाऱ्या सेवेतल्या चुकीच्या कॉन्फिगरेशनने अझूर पोर्टलच उघडेनासे झाले. ज्यांच्याकडे पॉवरशेल किंवा कमांड लाइन आधीपासून तयार होती, त्यांना निदान आत शिरायला वाट होती. २० ऑक्टोबरला तर काही तास अ‍ॅमेझॉनची सपोर्ट केससुद्धा नोंदवता येत नव्हती.

म्हणून रनबुकची छापील प्रत काढा, खरोखर कागदावर. आणीबाणीचे एक अ‍ॅडमिन खाते सिंगल साइन-ऑनच्या बाहेर ठेवा, त्याची हार्डवेअर की (लॉगिनसाठीचे छोटे उपकरण) तिजोरीत ठेवा आणि दर तिमाहीला ते चालते का ते पाहा. डोमेन रजिस्ट्रारचे (साइटचे नाव ज्याच्याकडे नोंदवले तो) लॉगिन कुणाकडे आहे? नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर तर नाही ना? बिटलॉकरच्या (विंडोजची डिस्कला कुलूप लावणारी सोय) रिकव्हरी की दुसरीकडे उतरवून ठेवल्या आहेत का? बॅकअपचेही तेच. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले तेव्हा ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते, त्यांचे दोन्ही गेले.

"आपले सगळे मुंबई रीजनमध्ये आहे" हे उत्तर पुरेसे नाही

सर्व्हर मुंबईत असला तरी अ‍ॅमेझॉनच्या आयएएममध्ये (युजर आणि परवानग्यांची सेवा) नवा युजर बनवणे किंवा रूट ५३ या डीएनएस सेवेत नोंद बदलणे ही कामे व्हर्जिनियातूनच होतात. आधीपासून असलेल्या परवानग्या आणि नोंदी चालत राहतात, बदल मात्र अडू शकतो. म्हणून ज्या फेलओव्हर योजनेची पहिली पायरी "डीएनएस नोंद बदला" किंवा "नवा रोल (परवानग्यांचा संच) तयार करा" अशी आहे, ती ऐन वेळी पांगळी ठरेल. पर्यायी नोंद, हेल्थ चेक आणि रोल आज तयार करून ठेवा. आणि महत्त्वाच्या नोंदींचा टीटीएल (नोंद किती वेळ साठवून वापरायची ती मुदत) ८६४०० सेकंद असेल तर तो आजच ३०० वर आणा. आउटेज सुरू झाल्यावर कमी करून उपयोग नाही, कारण जुनी नोंद लोकांच्या कॅशमध्ये दिवसभर राहणार.

डेटाबेसचे फेलओव्हर घाईने करू नका

ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहब या कोड साठवण्याच्या साइटचे दोन केंद्रांमधले नेटवर्क फक्त ४३ सेकंद तुटले. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने मायएसक्यूएल डेटाबेसचे प्रायमरी (नवा डेटा जिथे लिहिला जातो ती मुख्य प्रत) अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर हलवले. दोन्हीकडे एकमेकांकडे न पोचलेली राइट्स (नव्याने लिहिलेला डेटा) उरली. ती जुळवण्यात आणि सेवा पूर्ववत होण्यात २४ तास ११ मिनिटे गेली. रेप्लिका (डेटाबेसची दुय्यम प्रत) किती मागे आहे ते पाहिल्याशिवाय तिला प्रायमरी करू नका, आणि जुना प्रायमरी परत जिवंत झाला तरी राइट्स घेणार नाही याची सोय आधी करा. किती मिनिटांचा डेटा गमावणे चालेल, हा निर्णय अ‍ॅडमिनने एकट्याने घ्यायचा नसतो. तो शांत दिवशी धंद्याच्या मालकाकडून लेखी घेऊन ठेवा.

सुरक्षा काढून साइट चालू करणे

१८ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी पाचच्या सुमारास क्लाउडफ्लेअर (साइटच्या पुढे उभी राहून ट्रॅफिक गाळणारी सेवा) कोलमडले, तेव्हा ही मधली प्रॉक्सी काढून ट्रॅफिक थेट सर्व्हरवर वळवण्याचा मोह स्वाभाविक होता. कधीकधी ते योग्यही असते. पण मग फायरवॉलचे नियम गेले, मूळ आयपी (सर्व्हरचा खरा पत्ता) जगजाहीर झाला, आणि घाईत पोर्ट सगळ्यांसाठी उघडले गेले. असा प्रत्येक बदल वेळेसह आणि नावासह एका कागदावर लिहा. तो परत फिरवल्याशिवाय आउटेज संपले असे धरू नका. मूळ आयपी मात्र परत लपत नाही, तो बदलावाच लागतो.

गप्प राहू नका, आणि वेळही देऊ नका

"अर्ध्या तासात होईल" असे साहेबांना सांगू नका. ते आपल्याला माहीत नसते. "१२.४० : पेमेंट आणि लॉगिन बंद, डेटा सुरक्षित. बिघाड व्हेंडरकडे आहे. पुढची माहिती १.१० ला," एवढा संदेश पुरे. १.१० ला नवे काहीच नसले तरी तेवढेच कळवा. बोलणारा माणूस एक आणि दुरुस्ती करणारा दुसरा असू द्या, कारण दर दोन मिनिटांनी फोन उचलणाऱ्याच्या हातून चुकीची कमांड जाते.

हिरवा दिवा लागला की काम संपत नाही

गूगलच्या जून २०२५ च्या आउटेजमध्ये दुरुस्ती पोचल्यावरही यूएस-सेंट्रल-१ रीजन मागे राहिला, कारण सगळे टास्क एकदम उठले आणि खालच्या यंत्रणेवर तुटून पडले. आपल्याकडेही रांगेत साठलेले मेसेज हळूहळू सोडा. पेमेंटची पुन्हा पाठवलेली रिक्वेस्ट दोनदा वसूल तर झाली नाही ना, हे बँकेच्या स्टेटमेंटशी ताडा. हुकलेले क्रॉन जॉब, रात्रीचा बॅकअप, मुदत संपत आलेली सर्टिफिकेट्स एकेक करून तपासा.

एसएलएची (सेवा किती वेळ चालू राहील याचा करार) भरपाई आपोआप मिळेल असे धरू नका. ईसी२ साठी ती घटनेनंतरच्या दुसऱ्या बिलिंग सायकलच्या अखेरीपर्यंत केस नोंदवून मागावी लागते, सोबत एररचे लॉग आणि वेळा द्याव्या लागतात. त्यामुळे लॉग रोटेट होऊन पुसले जाण्याआधी, त्याच आठवड्यात, ते वेगळे काढून ठेवा.