लोब्युलर कॅन्सरची स्लाइड आधी लांबून बघा

पॅथॉलॉजी शिकणाऱ्या नव्या रेसिडेंटकडे माझा पहिला आग्रह असतो की स्लाइड लावल्या लावल्या सूक्ष्मदर्शकाच्या ४० एक्सच्या मोठ्या भिंगावर जायचं नाही. आधी ४ एक्सवर थांबा. इनव्हेसिव्ह लोब्युलर कार्सिनोमा, म्हणजे स्तनाचा एक कर्करोग; त्याच्या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत, आणि त्यांचं हे सुटं सुटं असणं लांबूनच नीट कळतं. क्लासिक प्रकारात लहान, गोल, एकसारख्या पेशी मुंग्यांसारख्या एकामागे एक जातात, शाबूत डक्टभोवती (दूधनलिकेभोवती) गोल फेर धरतात. भोवतालच्या ऊतीत फारशी खळबळ नसते, त्यामुळे छोट्या कोअर बायोप्सीत (सुईने काढलेल्या तुकड्यात) त्या सहज निसटतात.

२० किंवा जास्त पेशींचे गोलसर पुंजके दिसले, तर तो अल्व्हिओलर प्रकार.

सॉलिड प्रकारापाशी मात्र वेळ काढा. इथे रांगा नाहीत, पेशींचे नुसते थर, आणि ते हुबेहूब लिम्फोमासारखे (लसिका पेशींच्या कॅन्सरसारखे) दिसतात. गाठीच्या कडेला एखादी रांग सापडते का पाहा आणि सायटोकेरॅटिन (कार्सिनोमाच्या पेशी दाखवणारी रंगचाचणी) करून घ्याच. इथे निदान चुकलं तर बाईचे सगळे उपचारच चुकीच्या वाटेला लागतात.

प्लिओमॉर्फिक प्रकार ओळखायला त्याच फील्डमधला लिम्फोसाइट (एक छोटी पांढरी पेशी) मापाला घ्या. केंद्रकं त्याच्या चौपटीहून मोठी, वेडीवाकडी असतील, पण पेशींची ठेवण लोब्युलरचीच असेल, तर रिपोर्टमध्ये हा शब्द स्पष्ट लिहा. ‘लोब्युलर म्हणजे हर-२ (उपचार ठरवणारं एक प्रथिन) निगेटिव्हच’ हे गृहीत तर इथे मुळीच धरू नका.

ई-कॅडहेरिनवर (पेशींना जोडून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या रंगचाचणीवर) सगळा भार टाकणं मला पटत नाही. बहुतेक लोब्युलरमध्ये पेशीपटलावरचा रंग जातो, पण काहींमध्ये तुटक, फिका रंग उरतो. एच अँड ईवर (नेहमीच्या रंगवलेल्या स्लाइडवर) चित्र स्पष्ट असेल तर तेवढ्यासाठी निदान बदलू नये. आधी शेजारचा नॉर्मल डक्ट रंगलाय का ते तपासा, मग पी१२० ही त्याच्या जोडीच्या प्रथिनाची रंगचाचणी करा: लोब्युलरमध्ये तो रंग पटल सोडून सायटोप्लाझममध्ये (पेशीच्या आतल्या द्रवात) पसरलेला दिसतो. रांगांबरोबर बारीक नळ्याही असतील आणि ई-कॅडहेरिन पटलावर व्यवस्थित असेल, तर ट्युब्युलोलोब्युलर या वेगळ्या गाठीचा विचार करा. नावात लोब्युलर असलं तरी मी त्याला या घरात बसवत नाही.

काखेतल्या नोडमध्ये (लसिकाग्रंथीत) लोब्युलरच्या पेशी सायनसमध्ये, म्हणजे ग्रंथीतल्या पोकळ वाटांमध्ये, एकट्यादुकट्या बसतात आणि हिस्टिओसाइट (तिथल्या नेहमीच्या भक्षक पेशी) वाटतात. शंका आली तर नोडवरही केरॅटिन मागवा.