नववी-दहावीला शिकवायचे असेल तर: महाराष्ट्रातील पात्रतेची वाट

माध्यमिक शिक्षक होण्याची तयारी बी.एड.च्या प्रवेशापासून सुरू होते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती पदवीचे विषय निवडण्यापासूनच सुरू होते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या निकषांनुसार नववी-दहावीसाठी पदवी किंवा पदव्युत्तर पदवी किमान ५० टक्के गुणांनी आणि त्यासोबत बी.एड. आवश्यक आहे, तर अकरावी-बारावीसाठी संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते. शाळेतील पद मात्र नुसत्या ‘पदवीधरा’चे नसून गणिताचे, विज्ञानाचे, इंग्रजीचे किंवा सामाजिक शास्त्रांचे असते. बी.एड.ला मिळणारी अध्यापन पद्धतीही, म्हणजे जो विषय शिकवण्याचे प्रशिक्षण मिळते तोही, पदवीच्या विषयांवर ठरते. त्यामुळे ज्याला गणित शिकवायचे आहे, त्याने पदवीला गणित सोडून चालत नाही, आणि ही चूक पुढे कोणत्याही परीक्षेतील गुणांनी भरून निघत नाही.

महाराष्ट्रात बी.एड.चा प्रवेश राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सीईटीमधून होतो. २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यात शाळेतील छात्रसेवाकालाला, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याच्या सरावाला, मोठा वाटा दिलेला आहे. महाविद्यालय निवडताना शुल्काइतकीच चौकशी त्या कालावधीत विद्यार्थ्यांना खरोखर कोणत्या शाळेत पाठवतात आणि तेथे त्यांच्या पाठांचे निरीक्षण कोण करतो, याची करावी. केवळ हजेरीच्या सह्यांवर मिळवलेले बी.एड. वर्गात पहिल्याच आठवड्यात उघडे पडते, आणि त्याची किंमत मुले मोजतात.

आता बदलाविषयी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने नववी ते बारावी हा एकच माध्यमिक टप्पा मानला आहे आणि २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक (पदवी आणि बी.एड. एकत्र असलेली) बी.एड. ही शिक्षकाची किमान पदवी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. तीन वर्षांच्या पदवीधरांसाठी दोन वर्षांचे आणि चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी एक वर्षाचे बी.एड. अशी रचनाही त्याच धोरणात सुचवलेली आहे. म्हणून बारावीनंतरच शिक्षक होण्याचा निश्चय झालेल्या विद्यार्थ्याने एकात्मिक अभ्यासक्रमाचा विचार आधी करावा. जे आज पदवीच्या शेवटच्या वर्षात आहेत, त्यांनी नव्या रचनेची वाट पाहत वर्ष दवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणत्याही अभ्यासक्रमाला शुल्क भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का, हे मात्र स्वतः तपासावे.

सर्वाधिक गोंधळ टीईटीबाबत आहे. शिक्षक पात्रता परीक्षा पहिली ते आठवीसाठी आहे, नववी-दहावीसाठी नाही, हे खरे आहे. परंतु आपल्याकडील माध्यमिक शाळा बहुधा पाचवी ते दहावी किंवा आठवी ते दहावी अशा असतात, आणि आठवी ही शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेत येते. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगितले, यावरून या परीक्षेचे वजन लक्षात यावे. शिवाय नवे धोरण ही परीक्षा सर्व टप्प्यांना लावू पाहते. तेव्हा बी.एड. करतानाच टीईटीच्या दुसऱ्या, म्हणजे सहावी ते आठवीसाठीच्या, पेपरची तयारी करावी. १५० गुणांच्या या पेपरमध्ये ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांपैकी एका गटाला असतात, आणि हा गट आपल्या पदवीशी जुळणारा निवडावा. खुल्या प्रवर्गासाठी उत्तीर्णतेची अट ६० टक्क्यांची आहे.

टीईटी पात्रता देते, पण निवड करत नाही. निवडीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. ही २०० गुणांची परीक्षा २०१७, २०२३ आणि २०२५ अशी दीर्घ अंतराने झालेली असल्यामुळे आलेली संधी अपुऱ्या तयारीवर घालवणे परवडत नाही. तिच्या गुणांवर पवित्र या राज्याच्या ऑनलाइन शिक्षकभरती पोर्टलमार्फत नियुक्त्या होतात. तेथे पसंतीक्रम भरताना मुलाखतीसह आणि मुलाखतीविना अशा दोन्ही प्रकारच्या जागा नीट वाचाव्यात, कारण खासगी संस्थांतील बऱ्याच जागा पहिल्या प्रकारच्या असतात.

अनुदानित शाळेत नियुक्ती झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पूर्ण वेतनाऐवजी ठरावीक मासिक मानधनावर, काढावी लागतात. माध्यमिकसाठी हे मानधन २०२३ मध्ये ८,००० वरून १८,००० रुपये झाले. रुजू होण्यापूर्वी पद संचमान्यतेत (शाळेला मंजूर पदांच्या शासकीय यादीत) मंजूर आहे का आणि बिंदुनामावलीनुसार (आरक्षणाच्या क्रमतक्त्यानुसार) ते आपल्या प्रवर्गाचे आहे का, हे लेखी पाहून घ्यावे. नोकरीसाठी ‘देणगी’ मागणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे, कारण मंजूर नसलेल्या पदावरील नियुक्तीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता मिळत नाही आणि मान्यतेशिवाय शालार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतून वेतन निघत नाही. नियुक्ती आदेश, रुजू अहवाल आणि मान्यतेच्या प्रस्तावाची आवक क्रमांक असलेली प्रत पहिल्या दिवसापासून स्वतःकडे जपून ठेवावी.