चतकोर भाकरी पुरते: लहान मुलांना जेवू घालताना या चुका टाळा

रात्रीचे साडेनऊ. ताटात अर्धी भाकरी वातड झालेली, वरणावर साय धरलेली, भात सुकून ताटाला चिकटलेला. धाकटा गालात घास धरून बसलाय, गिळत नाही आणि थुंकतही नाही. आतून सासूबाईंचा आवाज, "खायलाय का नाही गं त्यो?" आमच्या जुळे सोलापुरातल्या घरात वर्ष-दीड वर्ष रोज रात्री हेच चालायचं. शेवटी ते उष्टं ताट मी तरी संपवायची, नाहीतर गल्लीतल्या कुत्र्यापुढे जायचं. भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून कपाळाला लावणारं आमचं घर. तिथे रोज अर्धं ताट टाकताना जीव तुटायचा.

धाकटा आता साडेचार वर्षांचा आहे. त्याच्या आवडीनिवडी अजून आहेत, पण रडारड थांबलीय आणि त्याच्या ताटातलं अन्न टाकून द्यायची वेळ क्वचित येते. नखरे आणि नासाडी या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, हे मला आता पुरतं पटलंय. मुलाला भूक किती आहे हे आपण ठरवायला जातो, तिथूनच दोन्ही सुरू होतात.

भूक कमी दिसली म्हणून जास्त वाढणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मायेपोटी होते म्हणून ध्यानात येत नाही.

जन्मताना ३ किलोचं बाळ वर्षभरात ९ किलोच्या आसपास जातं, म्हणजे तिप्पट. दुसऱ्या वर्षात मात्र त्याचं वजन जेमतेम दोन-अडीच किलोनं वाढतं आणि पुढेही वर्षाला साधारण दोन किलोच. वाढ मंदावली की भूकही उतरते. नेमक्या त्याच वयात मूल चालायला, पळायला, "नको" म्हणायला शिकतं. त्यातच साधारण दोन ते सहा वर्षांत अनोळखी पदार्थाची धास्तीही वाटते. आपण मात्र मनात हिशेब करत बसतो, "मागच्या वर्षी बरा वाटीभर खायचा!" आणि घाबरून वाढतो दुप्पट.

भरलेलं ताट पाहूनच मूल मागे सरतं. अंदाजासाठी एक सोपं माप आहे: मुलाचं वय जितकी वर्षं, तितके मोठे चमचे, एका पदार्थाचे. तीन वर्षांच्या मुलाला तीन चमचे भात, तीन चमचे वरण, भाजी त्याहून कमी. हे सुरुवातीचं वाढप. यापुढे त्यानं मागायचं आणि आपण द्यायचं.

मी पहिल्यांदा हे केलं त्या रात्री ताटलीत चतकोर भाकरी, छोट्या वाटीत वरण आणि दोडक्याच्या भाजीच्या दोन फोडी, एवढंच होतं. वाढताना माझाच हात अडखळत होता, कारण ताटली रिकामी रिकामी दिसत होती. त्यानं भाकरी वरणात बुडवून खाल्ली, वाटी बोटानं पुसली आणि ताटलीकडे बघत म्हणाला, "आई, अजून दे की!" हे शब्द मी कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते. दोडक्याला त्यानं हात लावला नाही. टाकाव्या लागल्या त्या दोन फोडीच.

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली एक विभागणी मला फार उपयोगी पडली. काय, कधी आणि कुठे जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलानं. वाचायला सोपं आहे, पण सासू, नणंद आणि शेजारीण ताटाकडे बघत असताना पाळायला फार अवघड. मी सासूबाईंना एकच विनंती केली, "आई, पंधरा दिवस त्याच्या ताटाबद्दल कुणी काही बोलायचं नाही." त्यांना ते जड गेलं, पण त्यांनी शब्द पाळला. सोळाव्या दिवशी त्याच मला म्हणाल्या, "मागून घेतंय की लेकरू."

जेवणाआधीच पोट भरून टाकणं

"काहीच खात नाही" अशी तक्रार असलेल्या मुलाचा एक अख्खा दिवस कागदावर लिहून काढा. सकाळी पेलाभर दूध, दहाला दोन बिस्किटं, आजोबांबरोबर चहात बुडवून खारी, अकराला केळं, साडेबाराला "जेवत नाही म्हणून" पुन्हा दूध. मग एक वाजता पानावर बसवलं तर ते जेवणार कशानं?

दुधाचं विशेष सांगते, कारण दूध प्यायलं की आपल्याला हायसं वाटतं. एक ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलीपर्यंत दूध पुष्कळ झालं. त्यापेक्षा जास्त गेलं की जेवण मागे पडतं आणि दुधात लोह तर नावापुरतंच असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांमध्ये जवळपास ६९ टक्क्यांना रक्तक्षय आढळला होता. रक्त कमी असलं की भूकही मंदावते, मग पुन्हा दूध दिलं जातं आणि चक्र फिरत राहतं. चहा तर लहानांना देऊच नये. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. उलट वरणावर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं.

तीन जेवणं आणि मधली एक-दोन खाणी, दोन्हींत अडीच-तीन तासांचं अंतर, आणि त्या वेळात फक्त पाणी. एवढं बसवायला आम्हाला आठवडा लागला. पहिले तीन दिवस धाकटा बिस्किटांच्या डब्यापाशी उभा राहून रडला. डबा तिथून हलवला, तेव्हा रडणंही थांबलं.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी मोठ्यांनाही जेवण जात नाही. त्या दिवसांत दुपारच्या जेवणाचा हट्ट सोडा. सकाळी ऊन चढायच्या आत पोटभर खाऊ घाला, दुपारी ताक-भात किंवा दही-भात पुरे आणि मुख्य जेवण रात्री. जेवणाच्या तोंडावर सरबत देऊ नका.

तिखटाला नखरा समजणं

आपल्या घरांत आमटीत काळं तिखट सढळ हातानं पडतं. तीन वर्षांच्या जिभेला ते झोंबतं, आणि आपण म्हणतो, "आमटी आवडत नाही याला." फोडणीत तिखट घालायच्या आधी वाटीभर शिजलेली डाळ बाजूला काढून ठेवायची. वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. शेंगाची चटणीही मी त्याला दह्यात कालवून, बोटाच्या टोकावर मावेल एवढीच देते. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, ती वाया का घालवायची? मात्र पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नका. तो श्वासनलिकेत अडकू शकतो. कूट, चटणी किंवा मऊ शेंगापोळी चालेल.

पोताचंही तसंच आहे. धाकटा मऊ भाकरी चघळत बसायचा. एकदा बहिणीच्या हातातली कडक भाकरी त्यानं ओढून घेतली, कट्टकन मोडली आणि तो आवाज ऐकून परत मोडली. तेव्हापासून आमटीत कडक भाकरी चुरून खाणं हे त्याचं आवडतं जेवण आहे.

एकदा नको म्हटलं की ती भाजी बाद

नवीन पदार्थ मुलाला ओळखीचा व्हायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो. आपण तिसऱ्या वेळीच हात टेकतो. इथेही कमी वाढणंच कामी येतं: एक फोड ठेवायची, आग्रह करायचा नाही, आपण स्वतः त्याच्यासमोर चवीनं खायचं. दोडका आमच्याकडे कितव्या वेळी पोटात गेला ते मी मोजलं नाही, पण दोन महिने तरी लागले असतील.

मुलं दुसऱ्यांचं बघून खातात. आमच्या मागच्या तेलुगू काकूंच्या घरी त्यांच्या नातवंडांच्या पंगतीत बसून धाकट्यानं पालकाचा पप्पू-भात (पप्पू म्हणजे त्यांच्याकडचं वरण) खाल्ला. घरी मात्र पालक दिसला की तो तोंड फिरवायचा. म्हणून जमेल तितक्या वेळा सगळ्यांनी एकत्र बसा. मुलाला एकट्याला आधी भरवून मोकळं व्हायची सवय सोडा.

लगेच दुसरं करून देणं

भाजी नको म्हटलं की अंड्याची पोळी, ती नको तर मॅगी. पहिलं ताट वाया गेलं आणि "नको म्हटलं की बरं काही मिळतं" हेही मूल शिकलं. उपाशी राहील ही भीती असेल तर प्रत्येक जेवणात त्याला हमखास आवडणारी एक गोष्ट पानात असू द्या. आमच्याकडे ती दही असते. मग बाकी काही खाल्लं नाही तरी निभावतं.

मोबाईल दाखवून भरवू नका. पोट भरलं की नाही हे मुलाला कळतच नाही, आणि पुढे मोबाईलशिवाय तोंड उघडत नाही. "भाजी संपव, मग आईस्क्रीम" असंही म्हणू नका. त्यानं भाजी म्हणजे शिक्षा ठरते. वीस-पंचवीस मिनिटं झाली की शांतपणे ताट उचला.

उरलेल्याचं काय करायचं

मुलाचा हात किंवा उष्टा चमचा लागलेलं अन्न परत पातेल्यात घालू नका, ठेवूनही देऊ नका. लाळेमुळे ते लवकर आंबतं. म्हणूनच पातेल्यात राहिलेलं अन्न वाचवायचं आणि ताटात कमी घ्यायचं. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि उन्हाळ्यात घरात ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच फ्रिजमध्ये. भाताची तर फारच काळजी घ्या, कारण त्यातल्या जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

रात्रीचं घट्ट वरण सकाळी ज्वारीच्या पिठात घालून आम्ही धपाटे थापतो. शिळ्या भाकरीचा चुरा कांद्याच्या फोडणीवर परततो, त्यावर लिंबू. पोळी उरली तर तूप-गूळ घालून मलिदा. लग्नात किंवा गड्ड्याच्या जत्रेत मुलासाठी वेगळं ताट घेतच नाही, माझ्याच ताटातलं त्याच्यासमोर ठेवते. आणि आयांनो, मुलाचं उष्टं संपवणं हे आपलं काम नाही. मी ते वर्ष-दीड वर्ष केलं. माझं वजन वाढलं, पण नासाडीचं मूळ जागच्या जागी राहिलं.

डॉक्टरांकडे कधी

वजन घटत असेल किंवा बरेच महिने वाढतच नसेल, खाताना ठसका लागत असेल, वारंवार उलटी होत असेल, खाण्यातले पदार्थ दिवसेंदिवस कमी होत मोजकेच उरले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. माती, खडू, भिंतीचा चुना किंवा पाटीवरची पेन्सिल खाणं हे बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. कडक शी होत असली तरी भूक मरते, आणि हे कारण घरात कुणाच्या लक्षात येत नाही. गालात घास धरून ठेवणाऱ्या मुलाचे दातही एकदा तपासून घ्या. अंगणवाडीत किंवा शाळेत जंताची गोळी मिळते, ती चुकवू नका.

जाताना वजनाच्या नोंदीचं कार्ड आणि तीन दिवसांची वही बरोबर न्या. मुलानं काय, किती वाजता आणि किती चमचे खाल्लं ते त्या वहीत लिहा. आजोबांच्या चहातली खारी आणि दुधाचा प्रत्येक पेलाही त्यात आला पाहिजे.