गाडीची उंची कमी करायचीय? आधी शॉकअप बघा
लोकं नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा (गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा) टाकतात आणि जुने शॉकअप तसेच ठेवतात, तिथेच सगळी वाट लागते. आखूड स्प्रिंग कडक असते, तिची उसळी कंपनीचा शॉकअप आवरू शकत नाही, वर त्याचा रॉड आधीच खाली दबलेला, मग खड्ड्यात बंपस्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) ठक्क! म्हणून स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनेच घ्या, बिल्स्टाइन या शॉकअपच्या ब्रँडमध्ये खाली केलेल्या गाडीसाठी आखूड बी८ येतो, मूळ उंचीला बी६. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी, आपले स्पीडब्रेकर बघता २५ मिमीपेक्षा जास्त खाली जाऊच नका खरंच. शॉकअपवरून तेल ओघळलेलं दिसलं तर तो गेलाच समजा. आणि फिटिंगनंतर चाकांचं अलाइनमेंट कराच, नाहीतर टायर आतल्या कडेने झिजतात.