घासून लागलेला निकाल आणि फेरमोजणी: या चुका टाळा

२०२४ची नांदेड लोकसभा पोटनिवडणूक १,४५७ मतांनी सुटली, औरंगाबाद पूर्व विधानसभा २,१६१ मतांनी. असा निकाल लागला की केंद्राबाहेर एकच ओरड होते: एवढा कमी फरक, फेरमोजणी झालीच पाहिजे. पहिली चूक इथेच होते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात अर्ध्या टक्क्याच्या आत फरक आला की फेरमोजणी आपोआप लागते. आपल्याकडे तशी तरतूद नाही. नुसता कमी फरक हे पुरेसे कारण नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे.

सगळ्यात जास्त घात होतो तो वेळेचा. १९६१च्या निवडणूक संचालन नियमांतील नियम ६३ प्रमाणे निवडणूक निर्णय अधिकारी नमुना २० या निकालपत्रकात प्रत्येकाची एकूण मते भरून जाहीर करतात. तिथून त्यांची सही होईपर्यंतच फेरमोजणीचा अर्ज चालतो. सही झाली की दार बंद. सहीआधी वाजवी संधी द्यावी असे नियमात आहे, पण किती मिनिटे ते लिहिलेले नाही. ही ढिलाई आम्हाला खटकते, कारण हरणाऱ्याची माणसे नेमकी तेव्हाच केंद्र सोडून निघालेली असतात. उमेदवार नसेल तर त्याचा निवडणूक प्रतिनिधी किंवा मोजणी प्रतिनिधीही अर्ज देऊ शकतो. कोरा कागद आणि पेन खिशात ठेवा. आकडे जाहीर होताच "अर्ज द्यायचा आहे" असे सांगा आणि अधिकारी किती वाजेपर्यंत थांबणार, ते जाहीर करून घ्या.

अर्जात "मोजणीत गडबड वाटते" एवढेच लिहिले तर तो फेटाळला जाणार. कारणे फेरी चालू असतानाच गोळा करावी लागतात. टेबलावरच्या आपल्या माणसाकडे त्या बूथच्या नमुना १७-सीची, म्हणजे तिथे पडलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत हवी. कंट्रोल युनिटवरची (मतयंत्राचा मते साठवणारा भाग) एकूण मते १७-सीशी जुळतात का, युनिटचा क्रमांक तोच आहे का, हे तिथल्या तिथे टिपायचे. मॉक पोलची, म्हणजे मतदानाआधीच्या चाचणीची, मते पुसायची राहिली असतील किंवा एकूण मते जुळत नसतील, तर ते यंत्र बाजूला ठेवतात. शेवटी विजयाचा फरक अशा यंत्रांतल्या मतांइतका किंवा त्याहून कमी असेल, तर त्यांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (प्रत्येक मताची छापील कागदी नोंद) मोजतात.

तेच यंत्र पुन्हा दाबले तर तोच आकडा येतो. चूक बहुधा टेबलावरून तक्त्यात आकडा उतरवताना होते. म्हणून बूथ क्रमांक देऊन त्या नोंदी तपासायला सांगा. चिठ्ठ्यांवरच शंका असेल तर नियम ५६-डी खाली वेगळा लेखी अर्ज लागतो. आकड्यांत तफावत निघाली तर चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरतात. दर विधानसभा क्षेत्रात सोडतीने निवडलेल्या पाच मतदान केंद्रांच्या चिठ्ठ्यांची पडताळणी तशीही होते, तिचा या अर्जाशी संबंध नाही.

टपाली मते सगळेच विसरतात. बाद टपाली मतांपेक्षा विजयाचा फरक कमी असेल, तर निकालाआधी त्या सगळ्या मतपत्रिका पुन्हा तपासणे आयोगाने बंधनकारक केले आहे.

काही बूथांचीच फेरमोजणी मागता येते, आणि इथे न्यायाचा प्रश्न येतो. फक्त आपल्या गडातले बूथ निवडले की अर्ज लबाड दिसतो. २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडात फरक ५३७ मतांचा होता. फेरमोजणीसाठी निवडक काउंट्या (तिथले जिल्हे) आणि प्रत्येकीचा वेगळा निकष, यावरच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवले. आपला निकष एकच ठेवा: आकडे जुळत नाहीत तो प्रत्येक बूथ, मग तिथे लीड आपली असली तरी. असा अर्ज क्षुल्लक म्हणून फेटाळणे अधिकाऱ्याला जड जाते.

अर्ज फेटाळला तर कारणांसह लेखी आदेश घ्या. तोंडी नकारावर परत फिरू नका. पुढची निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात, मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर खंडपीठात करायची असते. ग्रामपंचायतीला मात्र ही मुदत धरून बसू नका. तिथे १५ दिवसच मिळतात आणि अर्ज कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे जातो.