सुपरबाइकची डिलिव्हरी लांबतेय? बुकिंगपासून चावी हातात येईपर्यंत या चुका टाळा

लीटर क्लासची (सुमारे १००० सीसीची) स्पोर्ट बाइक कारखान्यात बारा महिने सलग बनत नाही. एका मॉडेलची तुकडी निघते, मग तीच असेंब्ली लाइन दुसऱ्या मॉडेलला लागते. निघालेल्या गाड्या आधी देशांमध्ये वाटल्या जातात, मग आयातदार त्या डीलरांमध्ये वाटतो. तुमचं नाव एका तुकडीतून सुटलं, की पुढची तुकडी येईपर्यंत डीलरच्या हातात काहीच नसतं. त्यामुळे या गाड्यांना थोडाफार उशीर होतोच. खरं नुकसान होतं ते बुकिंगच्या दिवशी कागदावर न लिहून घेतलेल्या गोष्टींमुळे आणि गाडी आल्यावर केलेल्या घाईमुळे.

"कधी येणार?" एवढंच विचारणं

या प्रश्नाला "पुढच्या महिन्यात" हे उत्तर ठरलेलं आहे. ते ऐकून घरी जायचं आणि महिन्याने पुन्हा फोन करायचा, असं सहा महिने चालतं. त्याऐवजी विचारा: गाडी आत्ता कुठे आहे? या प्रश्नाचं उत्तर पडताळून पाहता येतं, कारण प्रत्येक टप्प्याचा काहीतरी पुरावा असतो.

कंपनीकडे ऑर्डर गेली असेल तर ऑर्डर क्रमांक असतो. फक्त डीलरच्या वहीत नाव असेल तर तो नसतो, आणि "उशीर झालाय" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची ऑर्डर मुळात पुढे गेलेलीच नसते. गाडी बनली असेल तर तिला १७ अंक-अक्षरांचा चेसिस नंबर मिळालेला असतो. जहाजावर चढली असेल तर जहाजाचं नाव आणि बंदरात पोचण्याची अंदाजे तारीख असते. बंदरात उतरली असेल तर ती कस्टम्समध्ये, आयातदाराच्या गोदामात किंवा डीलरकडच्या खोक्यात असते.

उपाय टप्प्याप्रमाणे बदलतो. ऑर्डर क्रमांक नसेल तर तो ठराविक तारखेपर्यंत लेखी मागा आणि मिळाला नाही तर ॲडव्हान्स परत घेऊन दुसरीकडे जा. तिथे थांबण्यात अर्थ नाही. क्रमांक आहे पण चेसिस नंबर नाही, म्हणजे गाडी बनलेली नाही. अशा वेळी रंग किंवा व्हेरियंट बदलल्याने गाडी आधीच्या तुकडीत बसते का, हे विचारायला हरकत नाही. गाडी समुद्रात असेल तर डीलरवर ओरडून काही होत नाही. २०२१ च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं, आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. चेसिस नंबर हाती असून गाडी गोदामातच पडून असेल, तर मात्र जोर लावायचा. अशा वेळी बहुधा कागदपत्रं, नोंदणी किंवा एखादा सुटा भाग अडलेला असतो. नेमकं काय अडलंय ते विचारा.

एक वेगळं कारण आहे, ज्याला उशीर म्हणण्यापेक्षा नशीब म्हणावं. नव्या मॉडेलच्या पहिल्या तुकडीत दोष सापडला तर कंपनी विक्री थांबवते. यामाहाने २०१५ ची नवी आर१ गिअरबॉक्सच्या कामासाठी परत बोलावली होती. तुमची गाडी अशा कारणाने थांबली असेल तर थांबा. दुरुस्ती चावी हातात येण्याआधी झालेली बरी. काम पूर्ण झाल्याची नोंद चेसिस नंबरसकट मागून घ्या.

पावतीवर नुसतं मॉडेलचं नाव

डुकाटीच्या पानिगाले व्ही४ आणि पानिगाले व्ही४ एस या दोन वेगळ्या गाड्या आहेत: एसमध्ये ओहलिन्स कंपनीचं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन आणि फोर्ज्ड (धातू दाबून घडवलेली) चाकं येतात. होंडाच्या सीबीआर१०००आरआर-आर आणि तिच्या एसपीचं, यामाहाच्या आर१ आणि आर१एमचं तसंच. पावतीवर "पानिगाले, लाल" एवढंच असेल तर पुढचा वाद तुम्ही हरलात असं समजा.

लिहून घ्यायच्या गोष्टी अशा: व्हेरियंटचं पूर्ण नाव, रंग, मॉडेल वर्ष, कारखान्यातून बसून येणारे पर्याय, ठरलेली किंमत आणि ती किती काळ कायम राहणार, डिलिव्हरीची शेवटची तारीख, ती उलटली तर ॲडव्हान्स किती दिवसांत परत मिळणार. "अंदाजे तारीख" या शब्दाला कागदावर काहीच वजन नसतं. "अमुक तारखेनंतर खरेदीदार कोणतीही वजावट न होता रद्द करू शकतो" हे वाक्य सही करण्याआधी घालून घ्या. सहीनंतर ते कुणीही घालत नाही.

ॲडव्हान्स कोणाच्या खात्यात जातोय तेही पाहा. डीलरला दिलेले पैसे आणि कंपनीच्या ऑर्डर प्रणालीत जमा झालेले पैसे, या दोहोंची जोखीम सारखी नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात केटीएमने ऑस्ट्रियात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली आणि कारखाना काही महिने थंड पडला. मोठ्या कंपन्यांवरही ही वेळ येते, छोट्या डीलरवर तर अधिक सहज येते. ॲडव्हान्स शक्य तितका कमी ठेवा आणि उरलेली रक्कम चेसिस नंबर मिळाल्यावरच द्या.

मॉडेल वर्ष आणि उत्पादनाचा महिना यांची गल्लत करू नका. नवं मॉडेल वर्ष कॅलेंडरच्या कितीतरी आधी सुरू होऊ शकतं. अनेक उत्पादक चेसिस नंबरमधलं दहावं अक्षर मॉडेल वर्षासाठी वापरतात: आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. सगळ्या देशांत ते सक्तीचं नसल्याने एवढ्यावर विसंबू नका, फ्रेमवरची पट्टी आणि कागदपत्रंही ताडून पाहा.

प्रदूषणाचे नियम बदलण्याच्या सुमारास बुकिंग करत असाल तर आणखी एक प्रश्न विचारायचा: तारीख उलटल्यावर या गाडीची रस्त्यासाठी नोंदणी होईल का? १ जानेवारी २०२१ पासून युरोपात सगळ्या नव्या गाड्यांना युरो ५ लागू झालं तेव्हा यामाहाची आर६ तिथे रस्त्यासाठी मिळेनाशी झाली आणि फक्त ट्रॅकची आवृत्ती उरली. पुढे युरो ५+ आलं आणि आर१ही त्याच वाटेने गेली. अशा वेळी चार आठवड्यांचा उशीर म्हणजे नोंदणीच न होणारी गाडी हाती येण्याचा धोका.

सगळ्या ॲक्सेसरीज गाडीसोबतच हव्यात हा हट्ट

रेस एक्झॉस्ट (शर्यतीचा सायलेन्सर), रिअरसेट (मागे सरकवलेले पायदान), टेल टायडी (मागच्या नंबरप्लेटचा आटोपशीर ब्रॅकेट), क्रॅश प्रोटेक्टर (पडल्यावर गाडी वाचवणारे ठोकळे). यातला एक भाग मागे राहिला की पूर्ण ऑर्डर "अपूर्ण" म्हणून अडते. कारखान्यातच बसणारे पर्याय (उदाहरणार्थ फोर्ज्ड चाकं) ऑर्डरमध्ये ठेवा, कारण नंतर ते महाग पडतात. नटबोल्टने लागणारं बाकी सगळं वेगळ्या पावतीवर घ्या. एक्झॉस्टची तर घाईच नको. रस्त्यावर तो कायदेशीर आहे का, त्यासोबत इंजिन मॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर सेटिंग) बदलावा लागतो का आणि वॉरंटीवर काय परिणाम होतो, याची उत्तरं लेखी मिळेपर्यंत मूळ एक्झॉस्टच राहू द्या.

गाडी यायच्या आत पैसे आणि विमा मोकळे करणं

कर्जाची मंजुरी ठराविक मुदतीची असते. मुदत संपली तर नव्याने अर्ज करावा लागतो आणि व्याजदर बदलू शकतो. रक्कम आधीच डीलरकडे वळती झाली, तर न आलेल्या गाडीवर व्याज सुरू होतं. म्हणून कर्जाच्या रकमेचं वितरण चेसिस नंबर आणि अंतिम बिलाशी बांधून ठेवा. विमाही चेसिस नंबर मिळाल्यावर, ताबा घ्यायच्या दिवसापासून सुरू होईल असा घ्या. जुनी गाडी विकायची असेल तर सौदा ठरवा, पण ताबा नवी गाडी डीलरच्या दारात उतरल्यावर द्या.

वाट पाहून कंटाळून "ही लगेच मिळतेय" म्हणणं

तीन-चार महिने गेले की डीलर पर्याय पुढे करतो: डेमो गाडी, दुसऱ्याने रद्द केलेली गाडी, किंवा डीलरने स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवलेली गाडी. यातली एखादी खरोखर चांगली निघते, पण तिची किंमत नव्या गाडीची नव्हे. बहुतेक वॉरंट्या पहिल्या विक्रीच्या किंवा नोंदणीच्या दिवसापासून मोजल्या जातात, तुम्ही पहिल्यांदा बसता त्या दिवसापासून नाही. आठ महिन्यांपूर्वी नोंदवलेली गाडी घेतलीत तर वॉरंटीचे आठ महिने गेलेच.

डेमो गाडीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: सुपरस्पोर्टची डेमो घेऊ नये. शेकडो हातांनी थंड इंजिनवर पिळलेली गाडी चकचकीत दिसते, पण आत काय झालंय ते कोणी सांगू शकत नाही.

डिलिव्हरीच्या दिवशी हार, फोटो आणि पाच मिनिटांत सही

इतक्या दिवसांनी गाडी समोर आली की डोळे फक्त रंग बघतात. नेमक्या याच दिवशी निदान एक तास हाताशी ठेवा, दिवसाउजेडी जा, गाडी थंड ठेवायला सांगा.

खोक्यातून आलेल्या गाडीचं पुढचं चाक, आरसे, कधी हँडलचे क्लिप-ऑन (दोन सुटे दांडे) डीलरकडे जोडले जातात. म्हणजे ॲक्सल आणि ब्रेक कॅलिपर यांचे बोल्ट कारखान्याने नाही, शोरूममधल्या मेकॅनिकने आवळलेले असतात. डिलिव्हरीपूर्व तपासणीचा कागद मागा; त्यावर चेसिस नंबर, टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळला ते) तपासल्याची नोंद आणि मेकॅनिकची सही हवी. "आमच्याकडे असं देत नाहीत" हे उत्तर आलं तर टॉर्क रेंच आणून समोर तपासायला सांगा. त्यात संकोच कसला, २०० हॉर्सपॉवरच्या गाडीचं पुढचं चाक आहे ते.

फ्रेमवर कोरलेला चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि कागद अक्षरागणिक जुळवा. एक अक्षर चुकलं तर नोंदणी आणि विमा दोन्ही अडकतात.

टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. पुढच्या-मागच्या टायरमध्ये काही आठवड्यांचा फरक चालतो. दोन-तीन वर्षं जुना टायर मात्र गाडी किती काळ पडून होती ते सांगून जातो, बिलावर काहीही छापलेलं असो. मग टायरमधली हवा काट्यावर मोजून बघा. सुपरस्पोर्टला रस्त्यासाठी साधारण पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय सांगितलेली असते. नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांडीवरच्या) स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळतो. वाहतुकीसाठी किंवा साठवणीसाठी भरलेली जादा हवा तशीच राहून जाते, आणि अशा गाडीचं पहिलंच वळण घसरवू शकतं.

बॅटरी हा पडून राहिलेल्या गाडीचा सर्वांत कमकुवत भाग. मल्टिमीटर लावून बंद गाडीवर मोजा. लेड-ॲसिड एजीएम बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.७ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली चार्जिंग हवं. १२ च्याही खाली बराच काळ राहिली असेल तर प्लेटवर सल्फेट धरलेलं असतं आणि ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही, नवी मागा. लिथियम बॅटरी असेल तर १३.२ च्या आसपास किंवा वर हवी, आणि तिला लिथियमचाच चार्जर लागतो. सल्फेट झाडणारा साधा चार्जर तिची वाट लावतो. इंजिन चालू करून थ्रॉटल थोडा दिल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत.

हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. वायर, होज ताणले जाऊ नयेत, टाकीला हात घासू नये. फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा पट्टा किंवा गंजाचे ठिपके नकोत. चेनचा ढिलेपणा मोजा, आकडा बहुधा स्विंगआर्मवरच असतो. ताठ चेन सैल चेनपेक्षा जास्त घातक, कारण सस्पेन्शन दबलं की ती गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते. ब्रेक डिस्कवर गंज थांबवणारं तेल राहिलेलं असू शकतं. ब्रेक क्लीनरने पुसून घ्या. डॅशबोर्डवर एबीएस किंवा ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा चालू राहिला तर काही अंतर चालवून पाहा, बऱ्याच गाड्यांत चाक फिरल्यावरच तो विझतो. त्यानंतरही विझला नाही तर ताबा घेऊ नका. दुसरी चावी, कोड कार्ड, टूलकिट, पिलियन सीट किंवा त्याच्या जागचं कव्हर, सगळं मोजून घ्या. "उद्या पाठवतो" म्हणाले तर पावतीवर "बाकी" असं लिहून सही घ्या.

पहिल्या दिवशीच रेव्ह लिमिटरपर्यंत

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, पहिले सुमारे १०० ते १५० किलोमीटर झुकाव हळूहळू वाढवा. नव्या ब्रेक पॅडला ६० च्या वेगावरून २० पर्यंत मध्यम जोराने दहा-पंधरा वेळा थांबवत बसवा. मध्ये थंड होऊ द्या, आणि तापलेल्या डिस्कवर लिव्हर दाबून उभे राहू नका. आरपीएमची (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची) मर्यादा मॅन्युअलमध्ये टप्प्याटप्प्याने दिलेली असते. एकाच वेगात तासभर चालवणं हेही इंजिनाला वाईटच, गिअर आणि थ्रॉटल बदलत राहा.

बीएमडब्ल्यू एस१०००आरआरसारख्या गाडीत तर पहिल्या सर्व्हिसपर्यंत आरपीएम इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच अडवलेले असतात आणि ते डीलरनेच मोकळे करायचे असतात. ही सर्व्हिस साधारण १००० किलोमीटरला येते. वाट पाहून आसुसलेला माणूस ते अंतर दोन आठवड्यांत संपवतो आणि सर्व्हिसची वेळ मिळेपर्यंत आणखी तीन आठवडे गाडी उभी ठेवतो. त्यामुळे चावी घेतानाच सर्व्हिसची तारीखही मागून घ्या.