बॉनेटच्या कडेला घरच्या घरी पीपीएफ: पाणी नीट बनवा

मुंबई-आग्रा हायवेवर रोजची ये-जा असेल तर उडणाऱ्या खडीने आधी बॉनेटच्या पुढच्या कडेचे टवके निघतात. त्यावर उपाय पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक चिकट फिल्म. पण अख्खी गाडी घरी करायच्या फंदात पडू नका. पुढची पट्टी आणि दाराच्या हँडलमागची वाटी, एवढंच जमण्यासारखं. पीव्हीसी फिल्म स्वस्त, पण लवकर पिवळी पडते, टीपीयूच (लवचिक पॉलियुरेथेन प्लास्टिक) घ्या.

पॅनेल धुऊन क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवा, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा. वॅक्सचा अंश राहिला की कड उचकटलीच समजा. एका बाटलीत 1 लिटर डिस्टिल्ड पाणी आणि बेबी शाम्पूचे 5-6 थेंब, हे फिल्म सरकवायला. बोअरचं पाणी नको, क्षारांचे ठिपके फिल्मखाली कायमचे राहतात. दुसऱ्या बाटलीत 9 भाग पाणी, 1 भाग आयपीए, हे चिकटवायला.

पॅनेल, चिकट बाजू आणि स्वतःची बोटं, तिन्ही चिंब ओली हवीत. नाहीतर गोंदावर ठसे उमटतात. स्क्वीजी (पाणी बाहेर ढकलायची रबरी पट्टी) मधून कडेकडे, प्रत्येक फटका आधीच्यावर थोडा चढवून. शेवटचे 2-3 सेंमी उचलून आयपीएचं पाणी मारा, मिनिटभर थांबून दाबा. फिल्म बसतच नसेल तर शाम्पू जास्त झालाय. ब्लेड रंगावर चालवू नका. तुकडा आधीच कापून घ्या, कोपरे गोल.

एप्रिल-मेच्या दुपारी पत्रा तापून पाणी लगेच उडतं, म्हणून सकाळी सावलीत काम उरका. पाण्याचे बारीक फुगे काही दिवसांत जिरतात, हवेचे नाही. आठवडाभर गाडी धुऊ नका.